दैन्याची कैफियत

आपले दैन्य देवापुढे सांगण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी रुळलेली आहे की, तिच्यात काही बिकट प्रश्न दडला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संत स्वतःला हीन म्हणवतात, पतित म्हणवतात, दारी पडलेला याचक म्हणवतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात कमीपणा दिसत नाही. कारण ज्याच्यापुढे हे बोलले जाते तो सर्व जाणतो, त्याला पुरावा लागत नाही, आणि बोलणाऱ्यालाही त्या बोलण्यातून कसला मक्ता पदरात पाडून घ्यायचा नसतो. पण हेच दैन्य कचेरीत सांगायचे झाले, तेही शपथेवर, उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या तपशिलासह, आणि त्यापोटी सरकारी कामाचा ठेका मिळण्याचा संभव असला, तर त्या उच्चाराचे नैतिक स्वरूप काय होते? ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ असे माणसाने सरकारकडून प्रमाणित करून घ्यावे काय, घेतले तर त्यात तो नेमकी कशाची साक्ष देतो, आणि ती साक्ष खरी केव्हा ठरते, हा प्रश्न मला केवळ कारभाराचा वाटत नाही. तो सत्याचा आहे, आणि म्हणून धर्माचा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न गेली अर्धी शताब्दी उघडपणे विचारला जात आहे. सरकारला लागणारा माल, बांधकाम आणि सेवा यांचा काही भाग ‘सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित’ अशा व्यक्तींच्या मालकीच्या व्यवसायांकडून घ्यावा असे तेथील धोरण आहे, आणि त्याचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्याला आपली वंचितता आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. १९५८ साली लघुउद्योगांसाठी जो कायदा झाला, त्याच्या आठव्या कलमाच्या एका पोटकलमावरून या योजनेला ‘एट-ए’ हे नाव पडले. मूळ तरतूद अगदी साधी होती: लघुउद्योग खात्याने इतर खात्यांकडून कंत्राट घ्यावे आणि ते लहान व्यावसायिकांकडे सोपवावे. पुढे १९६०नंतरच्या दशकात नगरोनगरी कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पेटल्या. कर्नर आयोगाने १९६८ साली, देश दोन विभक्त आणि विषम समाजांत दुभंगत चालला आहे असा इशारा दिला. आणि त्या सुमारास हे पडून राहिलेले पोटकलम कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य व्यावसायिकांना काम देण्यासाठी उपयोगात आणले जाऊ लागले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मार्च १९६९ मध्ये अल्पसंख्यांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापण्याचा हुकूम काढला, आणि १९७८ साली, मेरीलँडचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी पॅरेन मिचेल यांच्या परिश्रमांमुळे, वंचिततेची व्याख्या कायद्यात आली. रस्ते, पूल आणि विमानतळ यांच्यासाठी वाहतूक खात्याची अशीच, पण निराळी योजना आहे.

अर्जदाराने सिद्ध करावयाच्या गोष्टी पाहिल्या म्हणजे या साक्षीचे दुहेरी स्वरूप ध्यानात येते. व्यवसायाची किमान ५१ टक्के मालकी वंचित व्यक्तीची असली पाहिजे, आणि ती नावापुरती असून भागत नाही. रोजचा कारभार, पुढच्या वर्षांचे बेत आणि पैशाच्या नाड्या या सर्व तिच्याच हाती असाव्या लागतात. राहते घर आणि त्या व्यवसायातील गुंतवणूक वगळता तिची मालमत्ता साडेआठ लाख डॉलरांच्या वर असता कामा नये. तीन वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी चार लाख डॉलरांच्या आत असली पाहिजे. प्राप्तिकराची विवरणे, बँकेचे कागद, भागीदारीचे करार असे सगळे दप्तर रुजू करावे लागते. वाहतूक खात्याच्या योजनेत तर तपासनीस प्रत्यक्ष कार्यालयात व कामाच्या जागी येतो आणि मालकाची जबानी घेतो. कोणते यंत्र कशासाठी लागते, निविदेचा आकडा कोण ठरवतो, धनादेशावर सही कोणाची असते, असे प्रश्न विचारून कारभार खरोखर कोणाच्या हाती आहे ते पारखतो. ही पारख अनाठायी नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ‘वेडटेक’ नावाच्या कंपनीने १९८०नंतरच्या दशकात मालकीची कागदपत्रे बनावट करून लष्कराची मोठमोठी कामे मिळवली होती, आणि ते प्रकरण उघडकीस आल्यावर १९८८ साली काँग्रेसला सुधारणेचा कायदा करावा लागला.

आपल्याकडील वाचकाला वर दिलेल्या रकमा दारिद्र्याच्या वाटणार नाहीत, आणि त्या तशा नाहीतही. हा कायदा ज्याला आर्थिक वंचितता म्हणतो ती उपासमार नव्हे. त्याच धंद्यातील इतरांच्या मानाने भांडवल आणि पत मिळण्याची वाट अरुंद झालेली असणे, ही ती वंचितता. शिवाय त्याच अर्जात आपला व्यवसाय सामान्यतः दोन वर्षे चाललेला आहे, तो यशस्वी होण्याजोगा आहे, घेतलेले काम तडीस नेण्याची कुवत आपल्यात आहे, हेही दाखवावे लागते. म्हणजे ‘मला मागे खेचण्यात आले’ आणि ‘मी पुढे जाण्यास समर्थ आहे’ ही दोन विधाने एकाच स्वाक्षरीखाली करावयाची. वरवर पाहता ती एकमेकांना छेद देतात. मला मात्र या योजनेतील सर्वांत खोल विचार याच ठिकाणी आढळतो. भिक्षा घालणारा समोरच्याची असमर्थता पाहतो आणि त्याची असमर्थता जितकी अधिक तितके आपले पुण्य अधिक असे मानतो. येथे राज्यसंस्था असमर्थाला काही देतच नाही, ती समर्थाच्या वाटेत कोणी धोंडा टाकला होता एवढेच विचारते, आणि तेही एका आयुष्यात एकदाच, नऊ वर्षांच्या मुदतीपुरते.

सरकारने ग्राहक व्हावे आणि ग्राहक होऊन न्याय करावा, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खावा लागला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना धंदा काढण्यास सांगितले, आणि त्यांनी चहाचे दुकान काढल्यावर, ज्या दुकानाची पायरी कोणी सवर्ण चढेना, तेथे महाराज आपला लवाजमा थांबवून स्वतः चहा घेऊ लागले, ही हकीकत कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. त्या चहाच्या कपात जे सामर्थ्य होते ते अनुदानाच्या थैलीत नसते, कारण अनुदान घेणारा उपकृत होतो आणि माल विकणारा समोरच्याच्या बरोबरीने उभा राहतो. पण महाराजांना दाखला मागावा लागला नाही. अन्याय त्यांच्याच पागेत घडला होता, करणारे त्यांचेच नोकर होते, आणि ज्याच्यावर घडला तो त्यांच्यापुढे उभा होता. आधुनिक राज्यसंस्थेला चेहरे दिसत नाहीत; तिला कागद लागतो, आणि कागदावर काय लिहावयाचे येथूनच सारी अडचण सुरू होते.

अमेरिकेने या अडचणीतून एक मार्ग काढला होता. १९७८ नंतरच्या नियमांनी काही समूहांच्या बाबतीत, म्हणजे कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळनिवासी आणि पुढे आशियाई वंशाचे लोक यांच्या बाबतीत, असे गृहीत धरले की त्यातील व्यक्ती सामाजिक दृष्ट्या वंचित आहे; कोणी त्याविरुद्ध पुरावा आणला तर ते गृहीत मोडता येई, पण अर्जदाराला स्वतःची व्यथा शब्दांत मांडावी लागत नसे. इतरांना मात्र आपली वंचितता पुराव्याने सिद्ध करावी लागे. या गृहीतावर तेथे कायद्याचे रणकंदन झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली व्हर्जिनियातील रिचमंड नगराची आणि १९९५ साली केंद्र सरकारची अशी वंशाधारित व्यवस्था कठोर कसोटीला लावली. टीकाकार म्हणत की हे गृहीत म्हणजे अर्जदाराच्या व्यक्तिमत्त्वावर मारलेला शिक्का आहे. मला त्याचा अर्थ उलट दिशेने लागतो. ‘तू कृष्णवर्णीय आहेस म्हणून तू वंचित आहेस असे आम्ही धरून चालतो’ असे राज्यसंस्था म्हणते तेव्हा ती त्या माणसाविषयी काही सांगत नसून स्वतःविषयी सांगत असते. अडीचशे वर्षे आम्ही काय केले, नंतरच्या शंभर वर्षांत काय केले, कोणत्या बँकांनी कोणत्या गल्ल्यांभोवती लाल रेघ ओढून कर्जे नाकारली, हे आमच्या दप्तरात आहे. ते सिद्ध करण्याचा भार तुझ्यावर टाकण्याची निर्लज्जता आम्ही करणार नाही, असा तो कबुलीजबाब होता. प्रायश्चित्ताच्या शास्त्रात कबुली देण्याचे काम पाप करणाऱ्याचे असते. ज्याच्यावर पाप घडले त्याच्याकडून ती वदवून घेत नाहीत.

या कबुलीचे मोल पुण्यातल्या एका माणसाने फार पूर्वी ओळखले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचे ते अभिवादन होते, आणि आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत गिरवावा अशी आशा त्यात होती. जोतीराव स्वतः सरकारी कामांचे कंत्राटदार होते, पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले होते, हे आपण वारंवार विसरतो. बांधकाम खात्यात कोण कारकून कोणाला कसा नाडतो, मजुरीचा पैसा कोणाच्या हाती अडकतो आणि मोजमापाच्या वहीत काय चालते, याचे त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते, आणि त्यांच्या लेखनात ते उतरलेले आहे. सरकारी कंत्राट ही केवळ पैशाची बाब नसून सार्वजनिक कामात कोणाचा हात आणि कोणाची सही दिसते याची बाब आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार! आपल्या केंद्र सरकारने २०१२ साली हुकूम काढून सरकारी खरेदीचा ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ठरवला, त्याच्या १३९ वर्षे आधी या ग्रंथाची अर्पणपत्रिका लिहिली गेली होती.

आता प्रश्नाची अवघड बाजू. १९८२ साली अमेरिकेच्या लघुउद्योग खात्याने हिंदी वंशाच्या लोकांना गृहीताने वंचित ठरणाऱ्यांच्या यादीत घेतले. त्यांच्यातील एका संघटनेने तसा अर्ज केला होता. १९६५च्या स्थलांतरविषयक नव्या कायद्यानंतर तेथे जे हिंदी लोक गेले त्यांत इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांचाच भरणा होता; बहुतेक वरच्या जातींचे, इंग्रजी शिकलेले, आणि आपल्या देशाच्या पैशाने चाललेल्या महाविद्यालयांतून पदव्या घेऊन गेलेले. मराठी मंडळी त्यांत होतीच, आणि त्यांपैकी काहींनी पुढे काढलेल्या कंपन्या या व्याख्येत बसत होत्या. यांना वंचित म्हणावे काय?

घाईने ‘नाही’ म्हणणे चुकीचे होईल. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य नागरिक होण्यास अपात्र ठरवला, आणि त्या निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्यांकडूनही ते काढून घेण्यात आले. हे दार पुन्हा उघडण्यास १९४६ साल उजाडले. १९८७ साली जर्सी सिटीत कुंकवाच्या टिळ्यावरून स्वतःला नाव घेतलेली एक टोळी हिंदी माणसांना रस्त्यात गाठून मारीत होती. हे सारे खरे आहे. परंतु त्याच थिंड खटल्यात थिंड यांच्या वतीने काय मांडले गेले होते तेही तितकेच खरे आहे: आपण उच्चवर्णीय हिंदू आहोत, शुद्ध आर्य आहोत, रोटीबेटीचे बंधन पाळून आपण रक्त निर्भेळ राखले आहे, म्हणून आपल्याला गोऱ्यांत गणावे. साठ वर्षांच्या आत त्याच देशात त्याच लोकांच्या वतीने दोन अर्ज गेले; एकात आपली उच्चता प्रमाणित करून मागितली होती आणि दुसऱ्यात आपली वंचितता. अर्जदार निरनिराळे होते, हेतूही निराळे होते, आणि दुसऱ्या अर्जात असत्य असे काही नव्हते. तरीही हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचताना माझे मन अस्वस्थ होते, कारण दोन्हींत जन्माने मिळालेल्या समूहाच्या नावावर व्यक्तीने काहीतरी मिळवू पाहिले आहे, आणि दोन्हींत जातीच्या उतरंडीचा खालचा भाग दृष्टीआड राहिला आहे; पहिल्यात तिच्या वरच्या पायरीचा अभिमान आहे आणि दुसऱ्यात ती उतरंडच नाही.

वंचितता हा माणसाच्या अंगी असलेला गुण किंवा दोष नव्हे. तो त्याचा आणि एका विशिष्ट समाजाचा संबंध आहे. पुण्याच्या पेठेत ज्याच्या आजोबांच्या वाड्यात पाण्याचा आड इतरांना बंद होता, त्याच माणसाला अमेरिकेतल्या एडिसनमध्ये केवळ उच्चारावरून आणि वर्णावरून बँकेतील अधिकारी कर्ज नाकारू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य असतात आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. जैन तत्त्वज्ञांनी प्रत्येक विधानाला अमुक अपेक्षेने असे बंधन घातले ते अशाच गुंत्यासाठी. मात्र शपथपत्रावर अपेक्षेचा रकाना नसतो. तेथे एकच अर्धे सत्य लिहिले जाते आणि पूर्ण सत्य म्हणून वाचले जाते. अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता सांगताना धर्मराजाचा शब्द अक्षरशः खरा होता, तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. व्यासांनी त्या क्षणी सत्यवादी माणसाला जी शिक्षा दिली तिच्यामागे, ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटेल हे जाणूनबुजून उरलेला शब्द दाबणे हेही असत्यच होय, असा निर्णय आहे.

धर्माचा प्रश्न या योजनेत एकदा अगदी सरळ उभा राहिला होता. १९८० साली हसिदी ज्यूंनी आपल्यालाही या यादीत घ्यावे अशी मागणी केली. त्यांचा वेश, त्यांचा शब्बाथ, त्यांची वेगळी वस्ती यांमुळे धंद्यात त्यांची वाट अडते, हे कोणालाही दिसण्यासारखे होते. लघुउद्योग खात्याने ती मागणी फेटाळली, कारण एखाद्या धर्मपंथाला त्या पंथाच्या नावाने लाभ देणे म्हणजे संविधानाने आखलेली राज्यसंस्थेची मर्यादा ओलांडणे होईल अशी शंका होती. १९८४ साली वाणिज्य खात्याच्या एका शाखेने मात्र त्यांना आपल्या योजनेत सामावून घेतले. एकाच सरकारच्या दोन कचेऱ्यांनी दिलेली ही दोन उत्तरे मला त्या सरकारच्या गोंधळापेक्षा प्रश्नाच्या खोलीची खूण वाटतात. आपल्याकडे हाच प्रश्न याहून क्रूर रूपात आला. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी बाबासाहेब आंबेडकरांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला, त्यांना केंद्र सरकारच्या लेखी अनुसूचित जातीचे म्हणून मिळणाऱ्या सवलती १९९० पर्यंत नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या त्या दिल्या, पण केंद्राच्या कचेरीत दाखला हवा तर टाकून दिलेल्या धर्माचे नाव सांगावे लागे. ज्या व्यवस्थेने अपमान केला तिच्यातच आपण अजून आहोत असे म्हणाल तर तुमच्या अपमानाची भरपाई होईल, अशी ही अट होती. किती घरांत श्रद्धा आणि मुलाची नोकरी यांच्यामध्ये हा कागद पडला असेल आणि किती बापांनी खरे लिहून मुलाची वाट बंद केली असेल, याचा विचार केला की प्रमाणपत्र या वस्तूविषयी निर्धास्तपणे बोलता येत नाही.

अमेरिकेत आता गृहीताचे दिवस संपले आहेत. १९ जुलै २०२३ रोजी टेनेसीतील एका संघीय न्यायालयाने एट-ए योजनेतील वंशाधारित गृहीत वापरण्यास मनाई केली. त्यानंतर, पूर्वी गृहीतावर विसंबून आलेल्या प्रत्येक मालकाला आपली व्यक्तिगत कैफियत लिहून देणे भाग पडले: आपल्याशी कोणी, केव्हा, कोठे, कसा भेदभाव केला आणि त्यामुळे आपले शिक्षण, नोकरी किंवा धंदा यांचे काय नुकसान झाले, हे प्रसंगवार सांगावयाचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये वाहतूक खात्यानेही वंश आणि लिंग यांवरचे गृहीत काढून टाकले आणि प्रत्येकाकडून तशीच कैफियत मागितली.

या कैफियतीविषयी मला दोन परस्परविरुद्ध गोष्टी वाटतात. ज्याचे पूर्वज साखळदंडाने बांधून आणले गेले, त्याला आज एखाद्या अधिकाऱ्यापुढे बसून आपल्या अपमानाच्या तारखा लिहावयास लावणे हे मला उघड अन्यायाचे वाटते. त्याचा अपमान तारखांत मावत नाही. भेदभाव करणाऱ्यांतील जो निष्णात असतो तो खूण मागे ठेवत नाही. तो हसून हस्तांदोलन करतो आणि निविदा दुसऱ्याची स्वीकारतो. मग ज्याला लिहिता येते, ज्याला वकील परवडतो, त्याची कैफियत भरघोस होते, आणि ज्याने निमूट सोसले त्याची दोन ओळींत संपते. शिवाय आपली जखम पुन्हा पुन्हा उघडून ती विकाऊ ऐवज म्हणून मांडण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या मनाचे काय होत असेल? चोखोबांनी आपली कैफियत विठ्ठलापुढे मांडली आणि ती मांडताना देवालाही जाब विचारण्यास ते कचरले नाहीत. पण मंगळवेढ्याचे कुसू बांधताना ते १३३८ साली त्याखाली चिरडले गेले तेव्हा त्या बांधकामावर त्यांना राबवणाऱ्या कोणी त्यांची हकीकत विचारली नव्हती. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांची हाडे त्यांतून येणाऱ्या विठ्ठलनामावरून ओळखली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. हयातीत ज्याला त्या द्वारातून आत जाता आले नाही त्याची ओळख पटवण्यास त्याचा सोबती हाडांजवळ कान नेतो, हे दृश्य मला सर्व पडताळणी समित्यांच्या अहवालांपेक्षा अधिक बोलके वाटते, कारण त्यात ओळखण्याचा भार ओळखणाऱ्याने उचललेला आहे.

दुसरी गोष्ट ही की, आपल्याकडून गेलेल्या सुस्थित माणसाकडून तीच कैफियत मागणे मला योग्य वाटते. त्याच्या आणि अमेरिकन समाजाच्या संबंधात गुलामगिरीसारखा सर्वांना ठाऊक असलेला कबुलीजबाब नाही. तेथे काय घडले ते त्यालाच सांगितले पाहिजे. उच्चारावरून कर्ज नाकारले गेले असेल, नावावरून निविदा बाजूला ठेवली गेली असेल, तर त्याने ते लिहावे, निःसंकोच लिहावे आणि ठेका मिळवावा. घडले नसेल तर त्याने अर्जच करू नये. कायद्याने दिलेले घेण्यात पाप कसले, असे पुष्कळ सज्जन मला विचारतील. कायद्याने दिलेले घेण्यात पाप नाही हे खरे, परंतु येथे कायदा काही देण्यापूर्वी साक्ष मागतो, आणि न सोसलेल्या दुःखाची साक्ष देणारा माणूस ज्यांनी ते सोसले त्यांच्या साक्षीचे मोल उतरवतो. ज्या न्यायालयांनी हे गृहीत मोडून काढले त्यांच्यापुढे, यादीतील समूह कसेही ओढूनताणून जमवले आहेत, हा एक युक्तिवाद होताच. त्याला बळ पुरवण्यात आपल्यासारख्यांचाही हात लागला असेल, या शंकेने मला व्यथित केले आहे.

एक शेवटची अडचण उरते आणि तीच मला सर्वांत जड वाटते. लघुउद्योग खात्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की वंचितता अमेरिकन समाजात भोगलेली असली पाहिजे, अन्य देशांत भोगलेली चालणार नाही. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या गावच्या महारवाड्यातून निघून, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकून, पुढे व्हर्जिनियात लहानशी कंपनी काढलेल्या माणसाला त्याच्या कैफियतीत आपले बालपण लिहिता येणार नाही. पूर्वीच्या गृहीतात तो आणि त्याच्या गावच्या पाटलाचा मुलगा एकाच नावाखाली, एकाच अर्जाने वंचित ठरले असते. नव्या व्यवस्थेत दोघांनाही आपापली अमेरिकेतील हकीकत सांगावी लागेल. आणि त्या हकीकतीत असेही असू शकते की, ज्याने त्याला त्याचे आडनाव विचारून पुढच्या कामातून वगळले तो गोरा नव्हता, आपल्याकडचाच होता. सिएटल नगराने २०२३ साली जातीवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला तो अशा तक्रारी ऐकूनच. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी विधिमंडळाने संमत केलेला तसा कायदा राज्यपालांनी नामंजूर केला. जातीवरून वगळण्याची ही घटना अमेरिकन समाजातच घडली असल्याने ती नियमात बसते, असे माझे मत आहे, आणि अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ती तशी मान्य करावी. मात्र त्याच अधिकाऱ्याच्या मेजावर दुसरीही एक कैफियत असेल, वगळणाऱ्याची, आणि तिच्यात उच्चारावरून सोसलेला अपमान प्रामाणिकपणे लिहिलेला असेल. तुमच्यावर कोणी अन्याय केला हे सांगण्यास नमुन्यात जागा आहे; तुम्ही कोणाला वगळले हे विचारणारा रकाना त्यात नाही. तो असावा असे मी म्हणतो, आणि सरकारने तो कधीच छापला नाही तरी मराठी अर्जदाराने आपल्या कैफियतीच्या अखेरीस त्याविषयी दोन परिच्छेद स्वतःहून लिहावेत, मग त्यामुळे ठेका मिळो वा न मिळो.